मिंट म्हणतं 'कॉपी झालं', झेरॉक्सवाला म्हणतो 'फाइल रिकामी'

पेठेतला_पहारेकरी (धागाकर्ता)

मंडळी, नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेचे संगणक मी बघतो. बसणारी सगळी स्पर्धा परीक्षांची मुलंमुली. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आमची यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसेनात आणि नवी घ्यायला समितीकडे पैसे नाहीत, म्हणून सगळीकडे लिनक्स मिंट टाकलं, सिनॅमनवालं. ब्राउझर, पीडीएफ, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग, कशाचीच तक्रार नाही. पेनड्राइव्हवरून मात्र रोज कुणीतरी टेबलाशी येऊन उभं राहतं.

नेहमीचा प्रकार सांगतो. मुलगा जुन्या प्रश्नपत्रिकांचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकतो. पट्टी शेवटपर्यंत जाते, खिडकी बंद होते, तो पेनड्राइव्ह उपसतो आणि खाली झेरॉक्सला पळतो. थोड्या वेळाने परत वर: "सर, शेवटच्या दोन फाइली उघडतच नाहीत." बघावं तर नाव आहे, आकार शून्य.

दुसरं म्हणजे पेनड्राइव्ह उघडला तर आत काही नाही, पण १६ जीबीपैकी जेमतेम २०० एमबी शिल्लक दाखवतो. तिसरं, डावीकडच्या पट्टीत पेनड्राइव्हच्या नावापुढचा बाण दाबला की कधीकधी 'बिझी आहे' असा निरोप येतो. मग मुलं वैतागून तसाच ओढतात.

तुमच्याकडे हे कसं सांभाळता? 'विंडोज परत टाका' हे उत्तर समितीतल्या काकांनी दिलेलं आहे, तेवढं सोडून सांगा.

कट्ट्यावरचा_कावळा

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खटपट्या

पहारेकरी, पहिल्या प्रश्नात मुलाची चूक नाही. पट्टी जे दाखवते आणि पेनड्राइव्हवर जे घडतं, त्यात अंतर असतं.

तुम्ही फाइल टाकता तेव्हा लिनक्स ती आधी रॅममध्ये घेतं आणि फाइल मॅनेजरला सांगतं, मिळाली. फाइल मॅनेजर पट्टी पुढे सरकवतो. पेनड्राइव्हवर लिहिण्याचं काम मागे सावकाश चालू असतं. मूळ ठेवणीत मोकळ्या मेमरीच्या १० टक्क्यांपर्यंत माल साठला की मागे लिहायला सुरुवात होते, २० टक्क्यांवर गेला की कॉपी करणाऱ्यालाच थांबवून ठेवतात, आणि ३० सेकंदांपेक्षा जुना झालेला माल तसाही लिहायला काढतात. आता हिशोब करा. ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ७०० एमबीचं फोल्डर जवळजवळ अख्खं रॅममध्येच मावतं. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ५-६ एमबी लिहीत असेल, तर पट्टी संपल्यावरही दीड-दोन मिनिटं काम शिल्लक. त्या दीड-दोन मिनिटांत पोरगा जिना उतरलेला असतो.

पोस्टाच्या पेटीत पत्र पडलं म्हणजे ते पोचलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

म्हणून बाण दाबायचा. बाण दाबला की राहिलेलं सगळं आधी पेनड्राइव्हवर उतरवलं जातं. काम बाकी असेल तर 'माहिती लिहिली जात आहे, काढू नका' अशा अर्थाची सूचना येते आणि संपल्यावर 'आता काढू शकता' अशी. ही दुसरी सूचना आल्याशिवाय हात लावायचा नाही. बाण दाबून लगेच उपसणारे पण असतात, त्यांना बाणाचा काही उपयोग नाही.

पेनड्राइव्हवर दिवा असेल तर तो लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा, हा जुना उपाय अगदीच वाईट नाही. पण दिवा थांबलाय म्हणजे दोन खेपांच्या मधली विश्रांतीही असू शकते. माझा भरवसा सूचनेवर.

कोथरूडचा_खिडकीवाला

हेच सांगतो मी कधीपासून. विंडोजमध्ये मी वर्षानुवर्षं सरळ उपसतो, काही होत नाही. लिनक्सवाल्यांना साधी गोष्ट अवघड करून सांगायची हौस. (कृ.ह.घ्या.)

खटपट्या

@खिडकीवाला, हलकेच घेतलं. विंडोजनेही हे मुद्दाम ठरवून केलेलं आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही मूळ ठेवण आली. त्यात लिहिणं मागे ठेवत नाहीत, म्हणून पट्टी खरी चालते आणि कॉपी हळू वाटते. आधी 'बेटर परफॉर्मन्स' होतं तेव्हा तिथेही उपसणाऱ्यांच्या फाइली गेल्या आहेत. आणि पट्टी चालू असताना उपसलात तर कुठलीच विंडोज वाचवणार नाही.

इकडे एक बारकावा आहे. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट, वेगवेगळ्या असतात: फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस. फॅट३२ पेनड्राइव्ह असेल तर मिंट, उबुंटू वगैरे तो जोडताना 'फ्लश' नावाचा पर्याय लावतात, त्यामुळे लिहिणं लवकर सुरू होतं. एक्सफॅट आणि एनटीएफएसला तो नाही. तुमच्या अभ्यासिकेत काहींचं कधीच बिघडत नाही आणि काहींचं नेहमी बिघडतं, असं असेल तर हे एक कारण निघेल.

ज्याला सूचनेचा कंटाळा त्याने टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एसवायएनसी ही चार अक्षरं इंग्रजीत लिहून एंटर दाबावं. सगळं लिहून होईपर्यंत टर्मिनल परत येत नाही. पण परीक्षेच्या मुलांना टर्मिनल शिकवत बसू नका, त्यांना आधीच अभ्यासक्रम भरपूर आहे.

तलाठी_होणारच

सर, मी याच अभ्यासिकेत बसतो, नाव सांगत नाही 😄. सूचना येते ती उजव्या कोपऱ्यात येऊन जाते, आम्ही तोवर खुर्ची मागे सारून उठलेलो असतो. ती मोठी दिसेल असं काही करता येईल का?

झेरॉक्स_शनिपार

नमस्कार साहेब लोक. माझं दुकान आहे, या अभ्यासिकांची मुलं येतात. तुमच्या बाजूने मला काय दिसतं ते सांगतो.

रात्री साडेआठला लाइन लागते. पेनड्राइव्ह लावला की माझा विंडोज म्हणतो 'या ड्राइव्हमध्ये काही गडबड आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का'. आधी मी 'करा' म्हणायचो. एकदा स्कॅन चालू केला की लाइन तुंबते, मागचे ओरडतात. आता मी तो बॉक्स बंद करतो आणि प्रिंट काढतो. शून्य केबीची फाइल असली की मी काय करणार, पोरगं माझ्यावरच चिडतं, "दादा, तुमचा कॉम्प्युटर खराब आहे."

आणि एक विचारायचं होतं. हल्ली पुष्कळ पेनड्राइव्हमध्ये टिंब लावून 'ट्रॅश १०००' असं एक फोल्डर दिसतं. हा नवीन व्हायरस आहे का? मी काही जणांचं उडवलं पण.

खटपट्या

दादा, ते 'गडबड आहे' म्हणजे पेनड्राइव्ह नीट न काढल्याची खूण. जोडताना ड्राइव्हवर 'वापरात' अशी खूण केली जाते आणि व्यवस्थित काढला की ती पुसली जाते. उपसला तर राहते. स्कॅन न करता नुसत्या प्रिंट काढायला हरकत नाही, पण त्या पेनड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. फॅटची नोंद खरोखर बिघडलेली असेल तर लिनक्स तो ड्राइव्ह मध्येच फक्त-वाचनावर टाकतं, आणि मग 'पेस्ट होत नाही' म्हणून पहारेकऱ्यांच्या टेबलाशी आणखी एक जण येतो.

ट्रॅश १००० व्हायरस नाही. पहारेकरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

लिनक्समध्ये पेनड्राइव्हवरची फाइल निवडून डिलीट दाबलं की ती त्याच पेनड्राइव्हवरच्या कचरापेटीत जाते. ही पेटी म्हणजे टिंबापासून सुरू होणारं, म्हणून लिनक्समध्ये न दिसणारं फोल्डर. १००० हा त्या यंत्रावरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक, दुसरा असेल तर १००१. मुलं जुन्या नोट्स डिलीट करतात, नव्या भरतात, पुन्हा डिलीट करतात आणि जागा काही सुटत नाही. कंट्रोल-एच दाबून बघा, सगळा माल आत जसाच्या तसा सापडेल. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच डेस्कटॉपवरची कचरापेटी रिकामी करा, किंवा डिलीटऐवजी शिफ्ट-डिलीट वापरा. शिफ्टवालं परत मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून.

याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. टिंबाने फाइल लपवण्याची रीत विंडोज पाळत नाही, म्हणून ते फोल्डर दादांना उघडं दिसतं. त्यात 'फाइल्स' नावाचं एक फोल्डर असतं, तिथे डिलीट केलेलं सगळं असतं. शेजारी 'इन्फो', तिथे कुठली फाइल मुळात कुठे होती आणि कधी उडवली याची नोंद.

तलाठी_होणारच

म्हणजे मी आधार कार्ड आणि जातीच्या दाखल्याचा स्कॅन फॉर्म भरून झाल्यावर डिलीट करतो, तो तिथेच असतो??

झेरॉक्स_शनिपार

असतो. मी बघत नाही बाबा, वेळ कुणाला आहे. पण असतो.

पेठेतला_पहारेकरी (धागाकर्ता)

हे मला नवीन होतं. आत्ता टेबलावरच्या एका पेनड्राइव्हवर त्याच्या मालकासमोर कंट्रोल-एच करून पाहिलं. गेल्या वर्षीचं हॉल तिकीट, सहीचा आणि फोटोचा स्कॅन, दोन क्लासच्या नोट्सचे ढीग. तो चाट पडला. रिकामी करायला पेनड्राइव्हने बराच वेळ घेतला, लहान फाइलींचा भरणा होता.

'बिझी'चं काय? आणि तलाठीने विचारलेलं मलाही हवं आहे.

खटपट्या

सूचना मोठी करण्याच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा बाण दाबल्यावर डावीकडच्या पट्टीतून पेनड्राइव्हचं नाव जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असं सांगा. नाव गेलं की सुटका.

बिझीचं साधं कारण म्हणजे पेनड्राइव्हवरूनच उघडलेली फाइल. पीडीएफ तिथूनच वाचत बसतात आणि बाण दाबतात. लिब्रेऑफिस तर फाइलीशेजारी स्वतःची एक कुलुपाची फाइलही ठेवतं. बहुतेक वेळा त्या खिडकीतच अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव येतं. तो बंद करायचा, पुन्हा बाण. 'तरीही काढा' असं बटणही असतं, ते कॉपी चालू असताना दाबू नये. नाव दिसत नसेल तर उघडं टर्मिनल बघा, त्या फोल्डरमध्ये उभं असलेलं टर्मिनलसुद्धा अडवतं. फोटोंनी भरलेलं फोल्डर नुकतंच उघडलं असेल तर छोटी चित्रं बनवण्याचं काम चालू असतं, ते आपोआप संपतं.

उजव्या बटणावर 'अनमाउंट' आणि 'सेफली रिमूव्ह' असे पर्याय वेगवेगळे दिसले तर पेनड्राइव्हला काहीही चालतं. फिरणाऱ्या हार्डडिस्कला मात्र 'सेफली रिमूव्ह'च द्या, त्यात तिचा वीजपुरवठाही थांबतो आणि चकती शांत होते.

अक्षरजुळणी

मी डीटीपी करते, अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची कामं असतात. माझ्याकडे अर्धी मिंट, अर्धी विंडोज यंत्रं. इथे अजून कुणी न काढलेला विषय म्हणजे मराठी नावांच्या फाइली.

विंडोजवर लेखक मंडळी फाइलीला अख्खं वाक्य नाव म्हणून देतात. 'दिवाळी अंक लेख अंतिम दुरुस्त प्रत संपादकांनी पाहिलेली त्यानंतर पुन्हा दुरुस्त केलेली प्रस्तावनेसह छापायला द्यायची' असलं काहीतरी. पेनड्राइव्हवर ती छान दिसते, उघडतेसुद्धा. मिंटच्या डेस्कटॉपवर ओढली की 'नाव फार लांब आहे' म्हणून नकार. आमच्या मुलाने पेनड्राइव्ह खराब म्हणून बाजूला ठेवला होता.

कारण असं आहे की फॅट, एक्सफॅट, एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरांची. मिंटच्या डिस्कवर बहुधा ईएक्सटी४ ही लिनक्सची मांडणी असते, तिथे मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, कुणाला फरक जाणवत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. 'प्रस्तावना' डोळ्यांना चार अक्षरं, मोजायला दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. उपाय एकच, पेनड्राइव्हवर असतानाच नाव छोटं करायचं, मग ओढायची.

उलट्या दिशेला दुसरी अडचण. लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम चालतो. 'पाणी कुणाचं?' हे आमच्या एका लेखाच्या फाइलीचं नाव होतं. विंडोजवाल्या पेनड्राइव्हवर ते चालत नाही. काही फाइल मॅनेजर तिथे गुपचूप खालची रेघ घालतात, काही नकार देतात. शे-दोनशे फाइली एकदम टाकताना एखादी वगळली गेली तर छपाईच्या आदल्या रात्री कळतं.

खटपट्या

@अक्षरजुळणी, जबरदस्त. ८५ चा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. यावर वेगळा धागा काढा.

निवृत्त_पण_व्यस्त

सर्वांना नमस्कार. माझा अनुभव हार्डडिस्कचा. १ टीबीची आहे, मुलगा विंडोजवर वापरतो, मी मिंटवर. कधीकधी माझ्याकडे ती फक्त वाचता येते, लिहू देत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचं काहीतरी चुकतंय.

खटपट्या

काका, मुलाला विचारा, तो डिस्क लावलेली ठेवूनच लॅपटॉप 'शट डाउन' करतो का. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि एनटीएफएस डिस्कवर 'मी अजून आहे' अशी खूण ठेवून झोपतं. लिनक्स ती खूण पाहून लिहायला नकार देतं, किंवा डिस्क जोडतच नाही. बरोबरच करतं, दोघांनी लिहिलं तर डिस्कची वाट लागेल. मुलाने आधी डिस्क सुरक्षित काढावी, मग लॅपटॉप बंद करावा. ते जमत नसेल तर 'रीस्टार्ट' करून मग काढावी, रीस्टार्टमध्ये ही झोप नसते. किंवा फास्ट स्टार्टअपच बंद करून टाका.

कोथरूडचा_खिडकीवाला

हे मान्य. फास्ट स्टार्टअप मीही बंद ठेवतो.

बरं, पहारेकऱ्यांनी पेनड्राइव्ह कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायला सांगावेत? फॅट३२ वर मोठे व्हिडिओ जात नाहीत.

खटपट्या

एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे तिथे. क्लासच्या तासांचे मोठे व्हिडिओ असतील तर एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील २०१९ मध्ये खुला केला आणि लिनक्सच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.७ आवृत्तीपासून त्याला चांगला आधार मिळाला, आताच्या मिंटवर वेगळं काही टाकावं लागत नाही. नुसत्या पीडीएफ आणि झेरॉक्स असेल तर फॅट३२ राहू द्या, वर सांगितलेलं लवकर लिहिणंही मिळतं. ईएक्सटी४ मुलांच्या पेनड्राइव्हवर अजिबात नको. दादांच्या विंडोजला तो दिसणार नाही, उलट 'फॉरमॅट करू का' विचारेल आणि लाइनीच्या गडबडीत कुणीतरी 'हो' दाबेल.

फॉरमॅट करताना लेबल मात्र द्या, ११ अक्षरांच्या आत, इंग्रजी लिपीत. एरवी अभ्यासिकेतले निम्मे पेनड्राइव्ह एकाच नावाने दिसतात.

पेठेतला_पहारेकरी (धागाकर्ता)

अजून एक राहिलं. झेरॉक्सवरून परत आलेल्या पेनड्राइव्हवर कधीकधी सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात.

झेरॉक्स_शनिपार

आमच्याकडे दिवसभरात कुठले कुठले पेनड्राइव्ह येतात साहेब. अँटिव्हायरस आहे, पण तुमच्याच मुलांकडून पण येतो, एकतर्फी बोलू नका.

खटपट्या

भांडू नका. हा विंडोजवरचा किडा आहे. खऱ्या फोल्डरांना 'लपलेलं' अशी खूण करतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकट दाबला की आधी किडा चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. मिंटचा फाइल मॅनेजर फॅटवरची ती लपण्याची खूण पाळत नाही, त्यामुळे खरं फोल्डर आणि शॉर्टकट दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. कधी सगळं सामान बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेलं असतं. आपल्या फाइली संगणकावर काढून घ्या, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट सोडून, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. मिंटमध्ये त्यासाठी यूएसबी स्टिक फॉरमॅटर आयता आहे.

फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मीडिया हँडलिंग' भाग आहे. तिथे ड्राइव्ह आपोआप जोडणं चालू राहू द्या, पण ड्राइव्ह लावल्यावर प्रोग्रॅम चालवू का विचारणारा पर्याय सार्वजनिक यंत्रांवर बंद करा. मुलांनी त्या प्रश्नाला वाचून उत्तर देण्याची शक्यता नाहीच.

दादांसाठी: येणारा पेनड्राइव्ह शक्यतो पीडीएफ आपल्या यंत्रावर घेऊन लगेच काढा, थेट त्यातून प्रिंट काढत बसू नका. मुलांसाठी: झेरॉक्सला जाणारा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, सगळा अभ्यास असलेला नको.

निवृत्त_पण_व्यस्त

अवांतर होतंय, पण विचारून टाकतो. मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडी आहेत, जुन्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली की बटण दाबूनही ट्रे बाहेर येत नाही.

खटपट्या

अवांतर कसलं, डीव्हीडीही काढघालीतलीच. ती जोडलेली असताना बऱ्याचदा ट्रेला आतून कुलूप असतं, समोरचं बटण दाबून उपयोग नाही. व्हिडिओ प्लेअर बंद करा आणि फाइल मॅनेजरच्या पट्टीतला बाण दाबा, ट्रे येईल. नाहीच आली तर संगणक बंद करून ट्रेच्या दारावरच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन हलकेच आत दाबा.

आणि ट्रे आत असेपर्यंत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर अख्खं हार्डडिस्कवर ओढून घ्या. व्हीएलसीमध्ये तेच फोल्डर उघडलं की डीव्हीडीसारखंच चालतं. एखादी फाइल मध्येच अडकली तर चकती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही, आणि पुन्हा लावा.

निवृत्त_पण_व्यस्त

पहिली आली. मंगलाष्टकांपर्यंत कॉपी झाली, पंगतीच्या फाइलीवर अडकली आहे. पुसून बघतो.